दोन त्सुबो खडी

बोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचासाठी मैदानात मचाण उभं राहिलं होतं. वरचा मोठा ढोल रात्री राखायला चार पोरं आणि कुरामोची आजोबा मागे थांबले होते. डासांची उदबत्ती जळत होती, जवाचा गार चहा होता. पोरांतल्या एकाने नवीन घर बांधलं होतं. अंगणात टाकायला आजच फोनवरून खडी मागवली, असं तो सांगत होता.

"माप काय सांगितलंस?" आजोबांनी विचारलं.

घनमीटर, तो म्हणाला.

"बरं केलंस," आजोबा म्हणाले. मग त्यांनी तेत्सुरो ओगिनोची गोष्ट सांगितली. वरच्या आळीतला, त्यांच्या शेजारचाच माणूस. पितर घरी यायच्या आदली रात्र, म्हणजे बारा ऑगस्टची. ती अशी.

तेत्सुरो बस डेपोत कामाला होता. त्याला अधूनमधून रातपाळी असे आणि बायको सुमिए घरात एकटी पडे. खालच्या गल्लीत चोरी झाल्यापासून तिला झोप लागेना. तेव्हा त्याने ठरवलं की मागच्या अंगणात, खिडक्यांखाली, ती वाजणारी खडी टाकायची. चोराने पाऊल ठेवलं की करकर आवाज होतो ती. जागा टीचभर, जेमतेम दोन त्सुबो. चार चटया मावतील एवढी.

नदीकाठच्या खडीवाल्याकडे फोन म्हाताऱ्याने उचलला. तेत्सुरो म्हणाला, दोन त्सुबो पाठवा. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, दोन त्सुबो नक्की ना? नक्की.

आता जमिनीचा त्सुबो वेगळा आणि जुन्या खडीवाल्यांचा वेगळा. त्यांचा त्सुबो लांबी, रुंदी आणि उंचीही मोजतो. माणूसभर उंचीचा ढीग म्हणजे त्यांचा एक त्सुबो. तेत्सुरोला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तो संध्याकाळी घरी आला तर खडीच्या ढिगाखाली गल्ली दिसेना. छोटा डंपर दिवसभर खेपा घालत होता आणि सुमिए दर खेपेला वाकून आभार मानत होती. शेवटची खेप उतरवून ड्रायव्हर हात झटकत होता.

"मांजर आहे ना घरी?" ड्रायव्हरने विचारलं.

"आम्ही प्राणी पाळत नाही," तेत्सुरो कोरडेपणाने म्हणाला.

ड्रायव्हर पोट धरून हसला. एकचाकी हातगाडीला त्यांच्यात मांजर म्हणतात. मग डंपरमधली त्याचीच गाडी त्याने उतरवून दिली आणि म्हणाला, "हिला दूध नको, फक्त घाम पाजा."

तेत्सुरोने दुकानाला फोन लावला. परत नेणार नाही, माती लागलेली खडी कोण घेणार, असं उत्तर आलं. पुन्हा लावला तर म्हाताऱ्याची सून बोलली. ती इतकी गोड माफी मागत राहिली की त्याला धड भांडताही येईना. सुमिएवर चिडला, तर ती म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्ही मोठं काहीतरी ठरवलंय. तुम्ही मला सांगता कुठे?"

आळीचे प्रमुख तेव्हा कुरामोची आजोबाच होते. ते टरबूज घेऊन गेले, हवापाण्याचं बोलले, आणि उठता उठता म्हणाले की बोनला लोकांची मुलं गाड्या घेऊन येतील, तेवढी गल्ली मोकळी झाली तर बरं. तेत्सुरो कमरेत वाकला. मनातल्या मनात त्याने टरबुजासकट सगळ्यांना शिव्या घातल्या.

सुट्टी काढून तो मांजर ढकलू लागला. मागचं अंगण तासाभरात भरलं. ढीग होता तसाच. हाताला फोड आले, चाक मातीत रुतून गाडी दोनदा कलंडली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या विहिरीकडे गेलं. घर घेतल्यापासून ती पत्र्याखाली झाकलेलीच होती. त्याने पत्रा ओढला आणि पहिली गाडी आत उपडी केली. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकूनच कुरामोची आजोबा कुंपणापाशी आले. विहीर अशी बुजवू नका, असं त्यांनी सांगितलं. देवळातून भटजींना बोलवा, प्रार्थना करून घ्या. ते जमत नसेल तर निदान आत एक पोकळ बांबू उभा ठेवा आणि मग भरा. विहिरीला श्वास लागतो.

"श्वास?" तेत्सुरो घाम पुसत म्हणाला. "आधी मला घेऊ द्या, मग तिचं बघू."

सुमिए स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, बांबू आणायला कितीसा वेळ लागतो?"

त्याने ऐकलं नाही. अंधार पडेस्तोवर विहीर काठापर्यंत भरली, गल्ली मोकळी झाली. आंघोळ करून, थंड बिअर पिऊन तो आडवा झाला. सुमिए म्हणाली, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय. उकाडा आहे, तो म्हणाला. आणि झोपला.

मध्यरात्रीनंतर त्याला जाग आली.

अंगणात खडी वाजत होती.

चोर, त्याला वाटलं. अंगावरची चादर बाजूला करून तो कान देऊन पडून राहिला. पण पावलं अशी वाजत नाहीत. पाऊल पुढे सरकतं. हा आवाज एकाच जागी होता. करर्र... मग शांत. पुन्हा करर्र... जड पांघरुणाखाली कुणीतरी कूस बदलावी तसा.

विहिरीच्या कोपऱ्यातून.

त्याच्या लक्षात आलं की शेजारून काहीच ऐकू येत नाही. सुमिएचा श्वास ऐकू येत नाही.

त्याने दिवा लावला. ती उठून बसली होती. डोळे उघडे. तोंड उघडं. छाती हलत नव्हती.

"सुमिए?"

बाहेर खडी सरकली. करर्र... तेवढ्यापुरता तिच्या घशातून वाऱ्याचा एक धागा आत गेला. खडी थांबली. तीही थांबली.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग हात उचलून खाली दाखवलं. जमिनीकडे.

त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. डोंगरापलीकडून येणार होती, वेळ लागणार होता. सुमिएचे ओठ निळे पडत चालले होते. फोन टाकून तो अनवाणी अंगणात धावला. विहिरीवर गुडघे टेकले. हातांनी खडी उपसू लागला. जेवढी काढावी तेवढी बाजूने आत येत होती. नखं फाटली. पुन्हा काढली. पुन्हा भरली. त्याच्या तोंडून रडणं निघालं, शिव्या निघाल्या, मग नुसतं "माफ करा... माफ करा..."

बांबू नव्हता.

कपडे वाळत घालायची दांडी होती. लोखंडी, आतून पोकळ. त्याने कपड्यांसकट ती खेचली, दोन्ही टोकांची टोपणं दातांनी उपटली, आणि एक टोक खडीत रोवलं. खडीत दांडी जात नाही. हे त्यालाही माहीत होतं.

दांडी गेली.

खालून कुणीतरी धरून ओढावी तशी गेली. त्याच्या तळव्यातून सरसर. हातभर वर उरली, आणि थांबली.

खडी गप्प झाली.

मग त्या दांडीच्या तोंडातून श्वास आला. लांब. गार. थांबतच नव्हता. त्याच्या कपाळावरचे केस मागे गेले...

आत सुमिए खोकली.

तो धावला. ती पालथी पडून मोठमोठे श्वास घेत होती, रडत होती, त्याला मारत होती. मारू दे, म्हणून तो तसाच बसून राहिला. रुग्णवाहिकेच्या माणसांनी तिची छाती, घसा, सगळं तपासलं. काहीच सापडलं नाही.

ते गेल्यावर तिने मूठ उघडली. खोकताना तोंडातून निघालं होतं, म्हणाली. तिच्या तळहातावर एक खडा होता. त्याने मागवलेली खडी पांढरी, धारदार, फोडलेली. हा काळा होता. गोल, गुळगुळीत, पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेला. आणि ओला.

इथे आजोबांनी पेल्यातला चहा संपवला. ढोलाजवळच्या दिव्याभोवती किडे आपटत होते.

"सुमिए बरी आहे," आजोबा म्हणाले. "त्याच घरात आहेत दोघं. तो खडा नदीत टाकायला गेले, पण सुमिएलाच सोडवेना. देवघरापाशी बशीत ठेवलाय. कोरडी बशी, रोज रात्री पुसून ठेवलेली." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. "रोज सकाळी तेत्सुरो त्या बशीतलं पाणी ओतून टाकतो."