कोरडे पाय

दिवा जरा अलीकडे सरकव, म्हणजे सांगतो.

आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरात रीत अशी, की काशीहून आलेला माणूस आधी तापीकाठच्या प्रकाशा गावी जातो, तिथल्या पुष्पदंतेश्वराला गंगाजल वाहतो. मग दारात सून पाय धुते आणि तेव्हाच तो उंबरा ओलांडतो. माझी आई फुलवंताबाई काशीहून परतली ती तापानं फणफणलेली. असल्या वेळी रीत कसली बघायची? मी तिला उचलून सरळ आत खाटेवर निजवलं.

ताप काही उतरेना. रोज दिवेलागणीला ती मला लहानपणच्या नावानं बोलवायची. त्या नावानं हाक मारणारी जगात ती एकटीच.

"टिल्या, मी आजून वाटवरच शे रे... माले प्रकाशाले लयी चाल."

पण तिला प्रकाशाला नेऊ कसा? डॉक्टरांनी हलवू नका म्हणून बजावलेलं. शेवटी तिचा गंगाजलाचा गडू घेऊन मीच मोटारसायकलवर निघालो. देवाला काय, पाणी कुणी का वाहीना!

मंदिरात पुजारी उमाकांत महाराजांनी माझ्या हातून अभिषेक करवला. मग म्हणाले, "ज्याची काशी, त्यानंच यावं, भाऊ." मी हसून हात जोडले.

बाहेर आलो तर तापीवर अंधारून आलं होतं. घाटावर एक चिता विझत आलेली, राखेचा वास नाकात बसत होता. आणि खालच्या पायरीवर आई बसली होती. काशीहून आली तेव्हाचंच हिरवं लुगडं, काखेत तीच पिशवी.

"कितला उशीर करा, गोकुळ. चाल, घर चाल."

आई हट्टी. कुणाच्या तरी गाडीवर बसून माझ्यामागे आली असणार, असं वाटलं. रागही आला, पण कपाळाला हात लावला तर गार. ताप उतरलेला पाहून माझा जीव भांड्यात पडला.

तिला मागे बसवून निघालो. लोणखेडा गेलं, उसाची शेतं गेली. राखेचा वास मात्र सोबतच होता.

गावात वीज गेलेली. मी ओट्यावरूनच ओरडलो, "गायत्री, पाणी आण. प्रकाशाहून आलो!"

बायको तांब्या घेऊन धावत आली. अंधारात माझेच समजून तिनं वाकून पाय धुतले, मग मान वर केली आणि तिच्या हातून तांब्या पडला.

"आई तं..." तिनं आतल्या खाटेकडे बोट दाखवलं. "आई तं मझार शेतंस..."

तोवर ओल्या पायांची ती उंबरा ओलांडून आत गेली होती. त्याच दारातून भिंत धरधरत दुसरी बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही. बाहेर आलेली माझ्यापुढे थांबली. तापलेल्या हातांनी माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली.

"टिल्या... मन्हा पाय तं कोरडाच ऱ्हायनात रे."

मी हात पुढे केला, तोवर ओट्यावर कुणीच नव्हतं.

आता आई ठणठणीत आहे. गाव म्हणतं, प्रकाशाची कृपा. गायत्री तिच्याजवळ एकटी बसत नाही. मी रोज सांजेला ओट्यावर तांब्या भरून ठेवतो आणि वाट पाहतो. सकाळी पाणी तसंच असतं. उंबऱ्याबाहेर धुळीची दोन पावलं उमटलेली असतात, आत वळलेली.

आणि रोज रात्री आतून आवाज येतो, "गोकुळ, दार लाय."