कोपऱ्यातला ठिपका

घरी बघण्यासारखा जुना सिनेमा सांगा म्हणता? सांगतो. पण आधी मोबाइल उपडे ठेवा. आणि तू रे, मागच्या वेळी माझी गोष्ट ऐकता ऐकता घोरलास, तू पुढे येऊन बस. तुमच्यासारख्यांना सिनेमा सुचवायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते पाणी घालून घालून माझा एक दोस्त गेला. गेला म्हणजे… ऐकाच.

दोस्त टॉकीजमध्ये ऑपरेटर. अख्खा जन्म मशीनच्या खोलीत काढला. टॉकीज पाडली तरी खोड जाईना. दिसेल त्याला जुना सिनेमा सुचवायचा, अगदी न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असतानासुद्धा. लोक ‘बघतो, बघतो’ म्हणायचे. बघत कुणी नसे. सगळ्यांत नाठाळ पोटचाच पोरगा. त्याचं चष्म्याचं दुकान. गावाला नीट दिसावं म्हणून धडपडायचा, आणि बापाने सिनेमा लावला की दहा मिनिटांत रिमोट घेऊन पुढे पळवायचा. म्हातारा चरफडायचा, “अरे, एक तरी माझ्याबरोबर शेवटपर्यंत बघ. एकच.”

म्हाताऱ्याची आणखी एक गंमत. रीळ संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. तो दिसला की ऑपरेटरने दुसरं मशीन चालू करायचं. घरच्या टीव्हीवर तो ठिपका आला तरी हा खुर्चीतून उठायचा. दोन पावलं जायचा, भिंतीला धडकायचा आणि स्वतःलाच शिव्या घालत परत बसायचा. नातवंडं हसून लोळायची.

शेवटी एकदा पोरगा बसला. सिनेमा एका स्टेशनमास्तरचा. अर्ध्यावर जांभई देऊन म्हणाला, “बाबा, उरलेला उद्या बघू.” म्हाताऱ्याने सीडी काढून आपल्या खोक्यात ठेवली. दुसरा दिवस उजाडला. म्हातारा उठला नाही.

वर्ष गेलं. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. शेजारच्या मावशींचा पाय मोडलेला. पडून पडून कंटाळल्या आणि त्यांनी निरोप धाडला, तुझे वडील कानीकपाळी ओरडायचे तो स्टेशनमास्तर दे बाबा आता. चष्मेवाल्याची बायको-मुलं परगावी. दुकान बंद करून, जेवून तो म्हाताऱ्याच्या खोलीत गेला, खोक्यातून सीडी काढली. चालते का बघावं म्हणून तिथेच लावली. साडेअकरा वाजले होते.

चालली. सवयीने त्याने पार शेवटाकडे पळवली.

सिनेमा मागे आला. बरोबर अर्ध्यावर. ‘उद्या’ म्हणाला होता, तिथे.

रिमोट तळव्यावर आपटला. सेल काढून घातले. पुन्हा पुढे पळवला. पुन्हा मागे. वैतागून बंद करायला गेला, तर बंदही होईना. “काय कटकट आहे,” म्हणाला. तेवढ्यात कोपऱ्यात ठिपका चमकला.

मागे खुर्ची करकरली.

दोन पावलं…

भिंतीपाशी थांबली.

दोन पावलं परत. खुर्ची करकरली.

आता का हसत नाही रे कुणी?

तो वळला नाही. मान वळेचना. रिमोट हळूच खाली ठेवला. पडद्यावर वादळ. स्टेशनमास्तर कंदील धरून उभा. पूल वाहून गेलेला, गाडी यायची होती. ठिपका आला. खुर्ची… पावलं… खुर्ची. हा थिजून बघत राहिला. पुढे मला म्हणाला, “काका, मध्येच कधीतरी भीती विसरलो. गाडी थांबते की नाही, याचाच घोर लागला.”

गाडी थांबली. पडदा काळा झाला.

मागे कुणीतरी लांब श्वास सोडला.

“बाबा,” तो पुटपुटला, “चांगला आहे हो…”

…

दिवा जळत ठेवून तो सकाळपर्यंत तिथेच बसून राहिला, सीडीच्या मशीनकडे तोंड करून. उजेड झाल्यावर मावशींसाठी सीडी काढायला मशीन उघडलं.

स्टेशनमास्तर खोक्यात होता. जागच्या जागी.

मशीनमध्ये पुढचा, दुसराच सिनेमा लावून ठेवलेला होता.