तेवढं काढी टाकजो

मोबाईल उलटे ठेवा, आणि मध्ये कुणी बोलू नका. हितेंद्र म्हणजे माझ्या मावसभावाचा मुलगा. जळगावला असतो. थाप मारायलाही डोकं लागतं, ते त्याच्याकडे नाही, म्हणून सांगतो.

शेतातली रानडुकरं पळवायला तो भोंगे बनवतो. एक डबा, त्यात बॅटरी, वर कर्णा, आत मेमरी कार्ड. दर दहा मिनिटांनी ओरडायचं, एवढंच काम. माइक वगैरे काही नाही. आधी तो त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरायचा, पण डुकरं आठ दिवसांत निर्ढावली. मग त्यानं ठरवलं, आता आवाजाचा कसलेला माणूस आणायचा.

चोपड्याकडचा वनानाना आणला. तमाशात तीस वर्षं दरोडेखोर उभा केलेला गडी. निवडणूक आली की रिक्षांवर त्याचाच आवाज फिरतो. हितेंद्रच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, मध्ये माइक. नानानं सुरुवात केली, "धरा रे, धरा!"

हितेंद्र म्हणाला, "नाना, हे तमाशातलं झालं. डुकराला खरी भीती वाटायला पाहिजे."

कलावंताला असं बोलू नये. नानानं उपरणं काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "लाइट बंद कर."

अंधारात तीन मिनिटं तो जे ओरडला, त्यानं हितेंद्रला घाम फुटला. एकाच गळ्यातून आठ-दहा माणसं. शिव्या. मांडीवर पंजा हाणून काढलेले काठ्यांचे आवाज. आणि शेवटी एक बारीक, रडवेला आवाज... "मी चिंधा शे, भाऊ. माले मारू नका."

लाइट लागला तेव्हा नाना भिंतीला टेकून बसला होता. जाताना म्हणाला, "शेवटलं तेवढं काढी टाकजो, भो."

हितेंद्र हो म्हणाला आणि त्यानं काढलं नाही. सगळ्यात जास्त काटा तिथंच येत होता. सुगरणीनं मीठ कमी टाक म्हणावं आणि वाढप्यानं मूठभर टाकावं, तसला शहाणपणा.

पहिला डबा लागला चोपड्याजवळ जीवरामआबांच्या केळीत. तीन दिवस डुक्कर फिरकलं नाही. चौथ्या दिवशी, पौष वद्य चतुर्दशीला, रात्री नऊ वाजता आबांचा फोन आला.

"मशीन बंद कयं तरी वरडी ऱ्हायनं."

"बॅटरी काढा, आबा."

"काढी." मग आबांनी विचारलं, "चिंधा हाई नाव तुले कोनी सांगं?"

अकरा वर्षांपूर्वी विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायच्या. लोक काठ्या घेऊन रात्री बसायचे. एका रात्री त्याच केळीत चोर सापडला, आठ-दहा जणांनी अंधारात ठेचला. उजेडात पाहिलं तर आबांचाच राखणदार, चिंधा. तो नाव सांगत होता. कुणी ऐकलं नाही. मारणारे कोण, ते गावानं कधीच बोलून दाखवलं नाही.

हितेंद्र गाडी काढून निघाला, आधी नानाच्या घरी गेला. सगळं ऐकून नाना एवढंच म्हणाला, "तू ते काढं नही?" हितेंद्रला वाटलं, म्हातारा आता कानाखाली ओढणार. नानानं उपरणं घेतलं. "चाल. मीच बोलसू त्यानासंगे."

"नाना, तुम्ही नका येऊ."

"त्या रातले पयली काठी मीच हानेल व्हती."

पावणेबाराला दोघं केळीत शिरले. डबा खांबावर होता. बॅटरी खाली काढून ठेवलेली. हितेंद्रनं कार्ड उपसलं आणि मुठीत धरलं.

कर्णा बोलला.

"धरा रे, धरा!"

नानाचाच आवाज. नाना तर शेजारी उभा, तोंड मिटलेलं...

मग केळीची पानं सरकली. डावीकडून. उजवीकडून. मागून.

नाना दोन पावलं पुढे गेला. हात जोडले. "चिंधा..."

पहिला फटका गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज हितेंद्रनं स्पष्ट ऐकला. टॉर्चचा झोत टाकला. नाना खाली पडलेला. वर कुणी नाही. काठी नाही. हात नाही. फक्त नानाचं अंग उचलून आपटत होतं. पाठ फाटली. दात उडाले. रक्ताची चिळकांडी हितेंद्रच्या शर्टावर आली. हितेंद्र धावला, तर छातीत कुणीतरी काठीच्या टोकानं ढोसावं तसा मागे फेकला गेला. नाना ओरडत होता.

मग ओरडणंही थांबलं. फटके नाही थांबले.

...

सकाळी आबांना हितेंद्र बांधावर बसलेला सापडला. मूठ उघडेना. पंचनाम्यात रानडुकराचा हल्ला लिहिला. नानाची पाठ ज्यांनी धुतली, त्यांनी मला सांगितलं, पाठीवर काठ्यांचे वळ होते, आडवे, मोजून घ्यावेत असे.

दोन महिन्यांनी हितेंद्रनं धीर करून ते कार्ड कंप्युटरला लावलं. रेकॉर्डिंग तीन मिनिटांचं होतं. आता पावणेचार मिनिटांचं झालं होतं. रात्रभर ते त्याच्या मुठीत होतं, हे लक्षात ठेवा.

चिंधाच्या रडण्यानंतर फटके ऐकू येतात. नवे. मग नाना... "मी वना शे, भाऊ. माले मारू नका."

पुढे काही नाही, नुसती केळीची पानं. आणि अगदी शेवटी, जवळून, तो बारीक आवाज. आता रडवेला नाही.

"तेवढं नको काढजो, भो."