रेषेवर वाढणारं बाळ

हे खरं घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्या, मी कुणाला पटवायला बसलेली नाही. मला हे फक्त डोक्यातून बाहेर काढायचंय.

इथे ग्रुपवर लोक भुतांच्या गोष्टींत पडके बंगले लिहितात, ओसाड विहिरी लिहितात, रात्रीचे बारा लिहितात. माझ्याकडे यातलं काहीच नाही. गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन. लाँड्रीच्या मागची चार मजली इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार.

मी नर्स आहे. घरोघरी जाऊन बाळं तपासते. दहाव्या दिवशी, सहाव्या आठवड्याला, चौथ्या महिन्यात, आठव्या महिन्यात, वर्षाला आणि मग दोन वर्षांचं झाल्यावर. वजन करायचं, उंची मोजायची, आईशी बोलायचं, टॅबमध्ये भरायचं. एकोणीस वर्षं झाली. ओकाऱ्या, शी, पिकलेल्या बेंब्या, सगळं या हातांनी पुसलंय. कधी नाक मुरडलं नाही. किळस म्हणजे काय ते मला त्या गुरुवारपर्यंत माहीतच नव्हतं म्हणा ना.

आता माहीत आहे. कितीही साबण लावला तरी जात नाही.

मुळात ते घर माझं नव्हतंच. तो भाग आमच्या शंभरटक्के बाईंचा. हे नाव आम्हीच ठेवलेलं. आम्हा बाकीच्या नर्सेसची भेटींची गाडी कायम ऐंशी टक्क्यांवर अडायची. कुणी दार उघडत नाही, कुणी घर बदललेलं, कुणाला वाटतं आमचं बाळ ठणठणीत आहे, नर्स कशाला हवी. शंभरटक्के बाईंच्या भागात मात्र प्रत्येक बाळाची प्रत्येक तपासणी वेळेवर. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख, मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावायच्या.

आणि आम्ही वाजवायचो. कसं जमतं ते सगळ्यांना माहीत असून वाजवायचो.

आमच्यात त्याला ‘खुर्चीतली भेट’ म्हणतात. वाढीच्या तक्त्यावर मधोमध एक रेषा असते. कुठल्या महिन्यात साधारण बाळाचं वजन किती असतं, ते दाखवणारी. खुर्चीत बसायचं, रेषेवर बोट ठेवायचं, महिना बघायचा, आकडा टाकायचा. झालं बाळ तपासून. आकडा टाकला की आईच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. ‘अभिनंदन. आपल्या बाळाचे वजन इतके. वाढ उत्तम.’

मीही केल्यात अशा भेटी. एखाददुसरी. शंभरटक्के बाई पोटभर करायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांचा भाग माझ्या गळ्यात पडला. त्यातच हे बाळ होतं. दहा दिवस, तीन किलो चारशे. सहा आठवडे, चार किलो सहाशे. चार महिने, सहा किलो चारशे. आठ महिने, आठ किलो शंभर.

चारही ठिपके रेषेवर. एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

बाळं अशी वाढत नाहीत हो. त्यांना सर्दी होते, दात येतात, एखादा महिना ती जागच्या जागी बसतात.  मनात म्हटलं, या बाईनं बाळाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. निदान वर्षाची तपासणी तरी आपण नीट करू.

म्हणून मी गेले.

दार एका तरुण बाईनं उघडलं. पंचवीस-सव्वीसची असेल. केस विंचरलेले, चेहरा धुतलेला. पण अंगातला कुर्ता छातीवर दोन्हीकडे ओला होता. दूध गळत होतं. वर्षाच्या बाळाच्या आईचं इतकं दूध मी कधी पाहिलं नव्हतं.

“मी नर्स. बाळाच्या वर्षाच्या तपासणीला आलेय.”



“खरंच आलात?” ती म्हणाली.

मी आत गेले. आणि वास आला.

नासलेल्या दुधाचा. झाकण लावून आठवडाभर विसरलेल्या दुधाचा. खोली तर आरशासारखी लख्ख होती. फरशी पुसलेली, चादर ताणलेली, खिडक्या उघड्या. वास मग येत कुठून होता, कळेना.

सवयीनं मी इकडेतिकडे पाहिलं. वर्षाचं बाळ ज्या घरात असतं, त्या घराच्या भिंती गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत मळलेल्या असतात. बोटांचे ठसे असतात. टेबलाचे कोपरे चावलेले असतात. कपाटाच्या कड्या बांधलेल्या असतात.

इथे एकही डाग नव्हता.

एक खेळणं नव्हतं.

“बाळ कुठाय?”

“आत. जागंच आहे.”

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागून आवाज आला…

थप. थप.

ओला तळवा फरशीवर पडावा तसा. मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज. मग पुन्हा… थप.

“रांगतंय वाटतं,” मी हसून म्हटलं. हसू काही नीट आलं नाही.

“रांगता येत नाही त्याला,” ती म्हणाली. “वजन फार झालंय. अंगात बळ नाही.”

मी जमिनीवर वजनकाटा मांडला. वर स्वच्छ कपडा घातला. आकडा शून्यावर आणला. “घेऊन ये,” म्हटलं.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात पुढे होते, कोपरात वाकलेले. ती मागे झुकून चालत होती, पोटाशी ओझं असल्यासारखी. धापा टाकत होती.

हातांत काहीच नव्हतं.

मला आधी तिची कीव आली, खरं सांगते. बाळंतपणानंतर डोक्यावर परिणाम झालेल्या बायका मी पाहिल्यात. अशा वेळी ओरडायचं नाही, घाई करायची नाही. मी म्हटलं, ठेव हो सावकाश.

ती वाकली. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, अगदी शिकवतो तसे. आणि हात काढून घेतले.

कपडा मधोमध दबला.

काट्यावरचे आकडे नाचायला लागले. बाळानं हातपाय झाडले की नाचतात तसे. आठ नऊशे… नऊ… आठ सातशे… आणि मग एकदम थांबले.

आठ किलो शंभर.

टॅबमध्ये होतं तेवढंच. रेषेवरचं.

बाळ काट्यावर असलं की आमचा एक हात आपोआप त्याच्यावर धरलेला असतो, पडू नये म्हणून. एकोणीस वर्षांची सवय. माझाही हात गेला, मी नेलाच नाही…

आणि माझी करंगळी कुणीतरी तोंडात घेतली.

ऊबदार. बुळबुळीत. नुसत्या हिरड्या. दात एकही नाही. वर्षाच्या बाळाच्या या हिरड्या नव्हत्या, मला कळतं ना. या आठ-दहा दिवसांच्या हिरड्या होत्या. आणि ते ओढत होतं. एकदा ओढायचं, थांबायचं. पुन्हा एकदा, आणि सोडून द्यायचं. जोरच नव्हता.

मग माझ्या मनगटावर कोमट काहीतरी सांडलं. पिवळट, गुठळ्या झालेलं दूध. हवेतून आलं आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मी हात झटकला आणि तिथेच कोपऱ्यात ओकले. मी, जिनं दुसऱ्यांच्या ओकाऱ्या पुसण्यात जन्म घालवला.

ती शांतपणे फडकं घेऊन आली. माझी घाण पुसता पुसता बोलत राहिली.

“दहाव्या दिवशी पहाटे गेलं ते. आठव्या दिवसापासून दूध ओढत नव्हतं. मी तुमच्याकडे फोन केला होता.”

मी मनगट पुसत राहिले.

“एका बाई बोलल्या. म्हणाल्या, उद्या येतील तुमच्या नर्सबाई. घाबरू नको, घरीच थांब. म्हणून मग मी दवाखान्यात नेलं नाही. थांबले. नववा दिवस पूर्ण दाराशी बसून होते.”



तो फोन मी उचलला होता.

जेवायच्या सुट्टीत वाजलेला फोन. माझा भाग नव्हता. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘लाँड्रीमागे, तिसरा मजला, दूध ओढत नाही’, आणि शंभरटक्के बाईंच्या टेबलावर चिकटवली. मग डबा संपवला. नंतर एका शब्दानं विचारलं नाही, की गेला होतात का. ‘घरीच थांब’ हे माझे शब्द. आवाज माझा.

शंभरटक्के बाईंची जेवढी किळस घेऊन मी ते तीन जिने चढले होते, तेवढी सगळी माझ्यावर उलटली.

“त्याला पोचवलं,” ती पुढे बोलत होती. “हे त्यांच्या आईकडे निघून गेले. पाच आठवडे झाले आणि मोबाइलवर मेसेज आला. अभिनंदन, वजन चार किलो सहाशे. मला वाटलं, काय ही थट्टा. संध्याकाळी आतल्या खोलीतून आवाज आला. गेले, खाली बसले, तर मांडीवर चार किलो सहाशे.”

तिनं फडकं पिळलं.

“मेसेज आला की ते वाढतं. मधे वाढत नाही. दूध पीत नाही, झोपत नाही. नुसतं जड होतं. बाई, त्याला त्रास होतो हो. मोठं व्हायचं त्याला कळत नाही. तुम्ही खरं लिहा. गेलं म्हणून लिहा. मग जाऊ दे त्याला.”

मी तिथेच उभ्या उभ्या टॅब उघडला.  ‘बाळ हयात नाही. मृत्यू दहाव्या दिवशी. आधीच्या चारही भेटी प्रत्यक्ष झालेल्या नाहीत.’ आणि खाली, फोन मी घेतला होता, तेही लिहिलं. पाठवलं.

काट्याचा आकडा हलला… आठ… पाच… तीन…

शून्य.

कपडा सपाट झाला. वास गेला. खरंच गेला, खिडकीतून साबणाचा वास आत आला, खालच्या लाँड्रीतला. ती फरशीवर बसली आणि तिनं रिकाम्या मांडीकडे पाहिलं. मग रडायला लागली. वर्षभराचं रडली असेल. मी तिच्याजवळ बसून राहिले. माफी मागितली. त्या फोनवरची बाई मीच, हेही सांगितलं. तिनं माझा हात झिडकारला नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते.

पुढच्या बुधवारी मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. समोर वर्षाचा अहवाल होता.

“अगं, हे काय लिहून ठेवलंयस?” त्या म्हणाल्या. “मृत काय, भेटी झाल्या नाहीत काय. चौकशी लागली असती. आधीच्यांचं निवृत्तिवेतन अडकलं असतं, तुझी नोकरी गेली असती. तुला काही पोच आहे की नाही?”

“मॅडम, ते खरं आहे.”

“असेल. मृत्यूची नोंद दुसरीकडे झाली असेलच की. आपल्याकडे एकाच घरासाठी शंभर टक्के अडले होते.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मी केलंय दुरुस्त. काळजी करू नकोस. तुझ्याच नावानं भरलंय.”

मी टेबलावरून टॅब ओढला.

वजन, नऊ किलो दोनशे. रेषेवर. आधाराने उभे राहते, हो. पावले टाकते, हो. दोन शब्द बोलते, हो. वाढ उत्तम. तपासणी करणारी, मी.

“मेसेज गेला का?” मी विचारलं.

“जातोच ना तो आपोआप,” मॅडम म्हणाल्या.  त्यांनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली. त्यांच्या दातांत बिस्किटाचा लगदा अडकला होता.

मी बाहेर आले. केंद्राचा फोन वाजत होता, तो उचलला.

तीच होती. मागे आवाज येत होता… थप, थप. या वेळी तळव्यांचा नव्हता. पावलांचा होता.

“बाई,” ती कुजबुजली, “ते उभं राहिलंय. भिंतीला धरून चालतंय. पाय दुमडतात त्याचे, तरी थांबत नाही.”

मी केबिनचं दार ओढून घेतलं.

“बोलतंयही. दोनच शब्द. एक ‘आई’.”

“आणि दुसरा?”

 मग तिनं बहुतेक फोन खाली, फरशीजवळ धरला. मला ऐकू आलं. जाडसर, ओलं, दात नसलेल्या तोंडातून.

“बाई… बाई… बाई…”

“सकाळपासून दाराकडे तोंड करून हेच चाललंय,” ती म्हणाली. “मी काय करू? घरीच थांबू?”

मी खोटं नाही सांगणार. मी फोन ठेवला.

त्याला दोन महिने झाले. मी त्या इमारतीकडे गेलेले नाही. तीन वेळा टॅबमध्ये खरं भरलं, तिन्ही वेळा मॅडमनी पुसलं. वरच्या ऑफिसला पत्र लिहिलंय, उत्तर नाही. पुढची तपासणी दोन वर्षांची आहे. तारीख पडली आहे, समोर माझं नाव आहे. त्यातला एक प्रश्न मला पाठ आहे. जिने चढते-उतरते का?

मी तळमजल्यावर राहायचे. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर घर घेतलंय. मनगटाचा वास अजून तसाच आहे.