हाकेला ओ

मी अमेरिकन संगीताचा इतिहास शिकवतो. हे सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. गिटार येते का, आणि याला नोकरी कोण देतं? गिटार येत नाही. नोकरी कॉलेज देतं, नाइलाजाने. तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्सच्या खोलीला लागून आमचा वर्ग आहे, आणि मी काहीही शिकवत असलो तरी भिंतीपलीकडून त्या यंत्राची घरघर चालूच असते.

आमच्या हिला या सगळ्याची भारी गंमत वाटायची. "लोकांच्या रडगाण्यावर आमचं घर चालतं," असं ती आल्यागेल्याला सांगायची. ती बोलायला लागली की समोरच्याला जांभई द्यायलाही सवड मिळत नसे. दूधवाल्याशी बोलेल, राँग नंबरवाल्याशी बोलेल, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुलीला "अगं, केस बांध" म्हणेल.

मग तिला पक्षाघाताचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजायचं सगळं. काही विचारलं की ती तोंड उघडायची, ओठ हलायचे, आणि शब्द न येता डोळ्यांत पाणी यायचं. घर नुसतं खायला उठायचं. मला दुसरं काही नको होतं. तिने मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, पण बोलायला हवी होती.

तिला बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई तरुण होत्या, पण हुशार. एक दिवस म्हणाल्या, "सर, बोलणं अडलं तरी कधीकधी गाणं अडत नाही. तुम्ही ओळ सुरू करायची, पुरी त्यांना करू द्यायची. मध्ये जागा सोडायची, बरं का. घाई नाही करायची."

मला हसूच आलं. अहो, हाच तर माझा विषय!

गुलाम राबायचे त्या शेतांवर, पुढे चर्चमध्ये, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कामांवर तिकडची गाणी याच पद्धतीने उभी राहिली. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. ब्लूजमध्ये गाणारा ओळ म्हणून थांबतो आणि त्याचीच गिटार त्याला ओ देते. जॅझमध्ये ट्रम्पेटला सॅक्सोफोन ओ देतो. मी दर वर्षी पोरांना सांगतो, हाक म्हणजे अर्धंच गाणं. ओ मिळाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

सरकत नाही म्हणजे खरोखरच सरकत नाही. रेल्वेचे रूळ वाकडे झाले की ते सरळ करायला मजुरांची टोळी असायची. लांब लोखंडी पहारी रुळाखाली घालून सगळे उभे राहत. एक जण बाजूला उभा राहून गाण्यात हाक देई. टोळी ओ देई, आणि त्याच क्षणी सगळे मिळून जोर लावत. रूळ बोटभर सरकायचा. मग पुढची हाक.

आमच्या लायब्ररीत अशा एका हाक देणाऱ्याची जुनी तबकडी आहे. कुणीतरी त्याला टोळीपासून वेगळं काढून, एका खोलीत एकट्याला बसवून गायला लावलं होतं. तो एक ओळ म्हणतो आणि सवयीने थांबतो. ओ द्यायला तिथे कुणी नाही. नुसती सुईची खरखर. मग तो पुढची ओळ म्हणतो. त्याचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही. वर्गात ती लावली की पोरं त्या मोकळ्या जागांत हसत-खिदळत ओ देतात. शिकवायला याहून सोपं काही नाही.

आणि हिच्यासाठीही याहून सोपं काय होतं? जागा तर आधीच सोडलेल्या. मी त्या तबकडीची नक्कल फोनवर घेतली, जेवणाच्या टेबलावर लहानसा स्पीकर जोडला, आणि दुपारची जेवणं झाली की ते गाणं लावायला लागलो.

सुरुवातीला काही नाही. ती नुसती ऐकायची. मग एका दुपारी, तो थांबला तशी ही गुणगुणली. सुरात! मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि लहान मुलासारखा रडलो.

पहिला शब्द आला तो "पाणी". मी धावत ग्लास भरून आणला. तिने तो बाजूला सारला. पुढच्या जागेत म्हणाली, "खूप पाणी." आणि माझ्याकडे असं बघितलं, की याच्यापेक्षा शेजारचा बरा.

मग "गोदामं". मग "पूल". मग "घड्याळ". मी भिंतीवरचं घड्याळ काढून तिच्या पुढ्यात ठेवलं, तर तिने कपाळावर हात मारून घेतला. मला केवढा आनंद झाला! ती चिडली होती, म्हणजे ती होती. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "शब्द येतायत ना? अर्थाचं मागाहून बघू."

एक होतं. शब्द यायचे ते फक्त त्या गाण्यातल्या मोकळ्या जागांत. गाणं संपलं की तोंड मिटलं. मी काही विचारलं तर ओठ हलायचे, बस्स. आणि गाण्यातही ती लगेच बोलायची नाही. मान कलती करून नीट ऐकायची, क्षणभर विचार करायची, मग बोलायची.

एकदा मी गाणं लावून चहा टाकला. गाणं एवढंसं, पाणी तापेपर्यंत संपणारं. चहा उकळला, उतू गेला, शेगडी पुसून झाली, तरी तो आपला गातोच आहे. मला वाटलं, फोनवर पुन्हापुन्हा वाजायचं बटण दाबलं गेलं असेल. बघितलं, तर नव्हतं. आवाजातली खरखरही कमी झाली होती. पहिल्यांदा तो लांबच्या खोलीतून यायचा, आता टेबलाशी बसून गायल्यासारखा वाटत होता. स्पीकर चांगला असेल, म्हटलं. शिकलेल्या माणसाला कारणं शोधायला वेळ लागत नाही.

पण त्या रात्री मी फोनवरून गाणं पुसून टाकलं. खोटं कशाला सांगू, घाबरलो होतो.

ही पार कोमेजली. जेवेना. दुपार झाली की स्पीकरपुढे जाऊन बसायची. शेवटी तिने माझा हात धरून त्या मुक्या स्पीकरवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही काय केलं असतंत? मी लायब्ररीतून पुन्हा नक्कल करून आणली. त्या दुपारी ती एका दमात म्हणाली, "डावीकडे. मग अरुंद जिना. वर."

त्यानंतर वर्गात पुन्हा त्या तबकडीची पाळी आली. मूळ तबकडीच लावली, नेहमीच्या प्लेअरवर. सुई टेकली. खरखर सुरू झाली. पोरं ओ द्यायला सरसावून बसली.

हाक आलीच नाही.

मी सुई उचलून पुन्हा ठेवली. खरखर. थोडी पुढे ठेवली. खरखर. शेवटी ठेवली. तबकडी उलटी-पालटी करून बघितली. लेबल तेच, कडेचा टवका तोच. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, गाणारा कुठे गेला?"

पोरं हसली. मला हसता येईना. तबकडीवरचा आवाज टेपसारखा पुसला जात नाही हो. तो कोरलेला असतो. झिजेल, फुटेल, पण कोरलेल्या खाचा जागच्या जागी असताना आतला माणूस जाईल कुठे?

मी तास सोडला आणि बाहेर पडलो. बस किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. उजव्या हाताला समुद्र होता. खूप पाणी.

मी खिडकीची काच पुसून पुढे बघायला लागलो.

मग गोदामं आली. मग बसने पूल ओलांडला. रोज मी याच रस्त्याने येतो, रोज या खिडकीतून हेच बघतो! पुलानंतरच्या थांब्यावर उतरलो, तर समोर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. तिथून डावीकडे आमची गल्ली. तिच्या टोकाला आमचा अरुंद जिना.

ती बोलायला शिकत नव्हती. ती पत्ता सांगत होती.

मी पळत सुटलो. मी कॉलेजला गेलो की हिच्या सोबतीला येणाऱ्या मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पायात चपला.

"मावशी, इथे काय करताय? ती एकटी आहे वर?"

"एकट्या नाहीत," मावशी म्हणाल्या. "मशीनची वायर मी काढून टाकली, सर. तरी त्या बोलतायत. मी नाही यायची आता वर."

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हिचा आवाज येत होता. जुना आवाज, भरभर, हसरा, न अडखळता. इतके महिने ज्यासाठी जीव टाकला तो आवाज! मी दारातच चौकट धरून उभा राहिलो.

ती टेबलाशी बसली होती. स्पीकर उलटा पडला होता.

"हो, हेच घर," ती म्हणाली.

मग थांबली. मान कलती केली.

"छे, त्रास कसला? उलट किती लांबून आलात."

मी तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं. मी म्हणालो, "माझ्याशी बोल ना गं. एक शब्द बोल."

तिने तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आला नाही. डोळे भरून आले.

मग तिने पुन्हा समोर पाहिलं, आणि डोळे पुसत अगदी सहज म्हणाली,

"नाही, त्यांना अजून ऐकू येत नाही. बसा ना तुम्ही."

समोरच्या खुर्चीवरची उशी हळूहळू दबली.