माझ्यासाठी सोडू नका

"बाय तेगीरी…" सकाळपासून प्रत्येकाला कन्नडमधून तोंड उघडायला सांगून वेदश्रीचा घसा सुकला होता. तेवढ्यात समोरच्या खुर्चीतला तरुण मराठीत म्हणाला, "उघडलंय की… एवढंच उघडतं."

तिने उजेड टाकला. जेमतेम दोन बोटं मावतील एवढी फट. आणि वर दोन डोळे… हसरे, पण मनातून घाबरलेले.

वेदश्री धारवाडच्या एका दवाखान्यात डेंटल असिस्टंटचं शिक्षण घेत होती. दुर्गदबैल बाजारातलं हे तोंडाच्या तपासणीचं शिबिर तिचं पहिलंच. खुर्चीतला तो तरुण राघवेंद्र, शेजारच्या बोळात त्याच्या घरचं कापडाचं दुकान होतं.

"गुटखा?"

"कॉलेजपासून."

"तिखट खाता येतं?"

"आईचा झुणकासुद्धा झोंबतो." तो हसला, आणि हसताना त्याने तोंडावर हात धरला. वेदश्रीला उगीचच वाईट वाटलं.

दवाखान्याच्या डॉ. मेधांनी तपासलं. "गालात आतून पांढरा चट्टा आहे. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. बुधवारी धारवाडला या."

बुधवारी तो आला नाही. डॉक्टरांनी वेदश्रीला फोन करायला सांगितला.

"लग्नसराई आहे हो," तो म्हणाला.

"चट्टा लग्नसराई संपायची वाट बघत नाही."

 पलीकडून हळूच… "भीती वाटते. तुम्ही असाल तिथं?"

"असेन. डॉक्टरांच्या शेजारीच."

"मग येतो."

तो आला. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे बघत राहिला. तिने लाळ ओढणारी नळी आणखी घट्ट धरली. शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं, की एखाद्या पेशंटचं दुखणं असं आपलंच होऊन बसतं.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. "आता गुटखा सोडलात तर बरं," डॉक्टर म्हणाल्या. "तोंड पूर्ण उघडेल असं मात्र नाही. आणि तपासणी जन्मभर."

गुटखा सोडणाऱ्यांना धीर द्यायचं काम वेदश्रीकडे होतं. तिचे फोन आधी गुटख्याऐवजी चघळायच्या लवंगेवर आणि तोंडाच्या व्यायामावर थांबायचे. मग ती राहायची त्या मळमड्डीतल्या भुरभुर पावसावर… मग दुकानावर.

"आज कुठली साडी खपली?"

"जांभळी. तुम्हाला शोभेल अशी."

"मला ॲप्रनच शोभतो."

"ते मी बघितलंय…"

एका संध्याकाळी तो धारवाडच्या सुभाष रोडवर भेटला. छत्री मिटून समोर उभा राहिला. "वेदश्री, तुमच्यासाठी सोडलं मी. तुम्ही मला आवडता."

तिचं मन उजळलं… आणि लगेच गार पडलं.

"आणि मी नाही म्हटलं तर? परत खाल?"

तो छत्रीची मूठ फिरवत राहिला.

"माझ्यासाठी सोडू नका, राघवेंद्र. एवढं ओझं मला पेलणार नाही." ती वळली. घरी पोचेपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. पुढचे फोन तिने दवाखान्यातल्या दुसऱ्या मुलीला करायला सांगितले.

हिवाळा सरत आला तेव्हा तो तपासणीला आला. चट्टा वाढला नव्हता. डॉक्टर आत गेल्या आणि ती ट्रे आवरू लागली.

"त्या दिवशी उत्तर सुचलं नाही," तो म्हणाला. "आता आहे. तुम्ही बोलणं बंद केलंत, तेव्हा दुकानात बसवेना. आमच्या हमाल अण्णानं गुटख्याची पुडी पुढे केली. हातात घेतलीसुद्धा… आणि परत दिली. तेव्हा तुमची आठवण नव्हती. मला जगायचं होतं, एवढंच."

वेदश्रीने ट्रे खाली ठेवला.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "प्रत्येक तपासणीला वाटेल."

"मलाही वाटते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

"नाही कुठं म्हणतेय?…" तिचा आवाज ओला झाला. "तुम्ही मला पहिल्यापासून आवडता. म्हणून तर जीव घाबरा होतो."

तो हसला. "मग घरी कधी बोलायचं?"

"आजच."

मळमड्डीत त्याला फाटकाशी उभं करून ती एकटीच आत गेली. तिचे वडील, अप्पा, निवृत्त शिक्षक. खोटं त्यांना चालत नसे. तिने आधी त्याचा आजार सांगितला, काहीही न लपवता. मग त्याचं नाव सांगितलं.

 अप्पा चष्मा काढून पुसत राहिले.

"सगळं ठाऊक असून म्हणतेस?"

"होय, अप्पा."

त्यांनी चष्मा चढवला आणि खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"मग त्याला बाहेर काय उभं केलंस? आत बोलाव."