गोदूबाईच्या जागेवरचा कॉम्प्युटर

लाइट येईल तेव्हा येईल, बसा असेच. नाते गावचा धम्मपाल माझा जुना शेजारी. महाडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. भुताखेतांना हसणारा माणूस. त्याच्यावर गुदरलं ते सांगतो.

दोन हजार पंचवीसची पौष अमावास्या, बुधवार. दुकान बंद करताना त्याला गडाखालच्या हिरकणीवाडीच्या दीपकचा फोन आला. कॉम्प्युटर मध्येच अडकतो, मग आपोआप बंद पडतो. शनिवारी गड बघायला मोठा ग्रुप यायचा होता आणि सगळं बुकिंग त्यातच. धम्मपालनं बॅग गाडीला अडकवली आणि निघाला.

हा दीपक कसला माणूस, ते आधी ऐका. त्याची आई गोदूबाई गडावर येणाऱ्यांना चुलीवर रांधून वाढायची. त्यावर हा मुंबईत शिकला आणि परत आला तो घराचा होमस्टे करायला. पाहुण्यांना म्हातारीचा खोकला ऐकू जायला नको, म्हणून ऐन थंडीत तिला मागच्या गोठ्यात निजवली. तिचं मागणं एकच होतं, चुलीपाशी पडू दे. नाय दिलं. मार्गशीर्षात ती गोठ्यातच गेली. दिवस झाले तसं यानं चूल फोडली, वर टाइल्स घातल्या आणि तिथंच कॉम्प्युटरचा काउंटर मांडला. तेराव्याला मात्र गावासमोर हुंदके देत होता. असल्याच्या दारात मी चप्पलसुद्धा काढणार नाय.

धम्मपाल आत गेला. दीपकनं मोबाइलवरची नजर उचलली नाय.

"लवकर बघ. फालतू पार्ट बदलून बिल वाढवू नको."

पाणीसुद्धा विचारलं नाय.

कॉम्प्युटर थोडा वेळ नीट चालला. मग स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी थिजला. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. आणि बंद. तापत असेल, धम्मपालला वाटलं. त्यानं डब्याचं बाजूचं झाकण काढलं. आत राख. मऊ, पांढरी. पंख्याच्या पात्यांत गच्च भरलेली.

"चुलीजवळ ठेवतोस काय रे हा?"

"चूल हाय कुठं इथं? सगळं गॅसवर हाय."

घाणेरडी माणसं, कधी पुसत म्हणून नायत, धम्मपाल मनात म्हणाला. ब्लोअरनं राख उडवली. पंखा पुसला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, रॅम काढून बसवली, झाकण लावलं. चालू केला. चालला.

मग बाण थांबला.

बंद.

झाकण पुन्हा काढलं, काखेत धरलं. राख. होती तेवढीच.

धम्मपालनं आत बोट घातलं... आणि झटकन मागं ओढलं.

राख गरम होती.

त्यानं वायर भिंतीतून उपटली. पंखा फिरायला लागला. वायर त्याच्या हातात, आणि पंखा फिरतोय. हळूहळू. आतून आवाज येत होता. कुणी फुंकणीनं निखारा फुलवतंय तसा. फू... फू...

मग खोकला.

दीपकनं पहिल्यांदा मान वर केली.

"आये..."

राखेत लाल ठिपका दिसायला लागला.

आणि तेव्हासुद्धा त्या दीपकच्या तोंडून काय निघालं असेल?

"गोठ्यात टाक तो. मागं गोठ्यात टाक."

फुंकर थांबली.

खोकलाही थांबला. धम्मपाल सांगतो, त्या शांततेइतकं भ्यायला झालं नाय कधी. बॅग खांद्याला मारली आणि तो पळाला. घाट उतरून नाते गावात आला तेव्हा कळलं, डब्याचं झाकण काखेतच राहिलंय.

दीपक पहाटे मुंबईला गेला. ग्रुपला फोन करून नको सांगितलं. घराला कुलूप हाय. गावानं विचारलं तर म्हणतो, धंदा परवडत नव्हता. निर्लज्ज.

झाकण धम्मपालच्या घरी हाय. मी पाहिलंय. त्यानं उघडलं तेव्हा पत्रा साफ, सपाट होता, हे तो शपथेवर सांगतो. आता त्यावर पाच बोटं उमटलीत. बारीक, म्हातारी बोटं. बाहेरून दाबलेली नायत.

आतून बाहेर आलेली.